लॅबमध्ये काम सुरू करण्याआधीचं सेफ्टी ट्रेनिंग: माझा अनुभव

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात जीवतंत्रज्ञानात पीएच.डी. करते. विषय माणसाच्या रक्तातल्या पेशींचा आहे, त्यामुळे पहिला नमुना हातात येण्याआधी बरीच ट्रेनिंगं आणि परवानग्या पार कराव्या लागल्या. नव्याने प्रवेश घेणारे माझ्याकडे याबद्दल विचारायला येतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. यूजीसीने २०१९ च्या अखेरीस ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा २ क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये सक्तीचा केला. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियम त्यात येतात: १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, प्रबंधात ते ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मला रोज उपयोगी पडतो तो नोंदवहीचा भाग. पान फाडायचं नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख.

पुढे दोन समित्या. रक्त माणसाचं, म्हणून एथिक्स कमिटी. पेशींमध्ये बाहेरचा जनुक घालायचा, म्हणून बायोसेफ्टी कमिटी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि विज्ञानाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही सदस्य लागते. आमच्या कमिटीतल्या अशाच एका बाईंनी संमतिपत्र वाचून विचारलं, “पाच मिलीलिटर म्हणजे किती हो?” तिथे ‘साधारण एक चहाचा चमचा’ असं लिहिल्यावर संमतिपत्र मंजूर झालं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. रक्त देणाऱ्यालाही नेमकं तेच विचारायचं असतं, पण तो विचारत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. रक्तावर काम करणार असाल तर हिपॅटायटिस बी ची लस प्रवेश पक्का होताच सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर रक्ततपासणीत अँटीबॉडी मिलीलिटरमागे १० मिली-युनिटच्या (mIU/ml) वर आल्या की संरक्षण मिळालं असं धरतात. बाकी कागद धावपळ करून जमवता येतात, हे सहा महिने तसे धावपळ करून भरून काढता येत नाहीत.

ऑनलाइन ट्रेनिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हिडिओ पाहायचे, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र छापून फाइलला लावायचं. खरं ट्रेनिंग झालं ते प्रत्यक्ष लॅबमध्ये, हातांनी. शिकवायला आले होते ते सर आयुष्यभर जंतूंवर काम करून निवृत्त झालेले. बायोसेफ्टीच्या पातळ्या समजावताना ते म्हणाले, देशातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सर्वांत कडक पातळीची लॅब, आपल्याच पाषाणला, एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत), २०१२ मध्ये उभी राहिली; तुमची लॅब बीएसएल-२ असली तरी सवयी इथेच लागतात. मग त्यांनी आम्हाला दोन कपाटांसमोर उभं केलं: एक लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचं कपाट, आणि दुसरं बायोसेफ्टी कॅबिनेट. लॅमिनारमधली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. ती नमुन्याला जपते, आपल्याला नाही. म्हणून रक्ताचं काम कधीही लॅमिनारमध्ये करायचं नाही, ते बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. आणि तिथेही समोरच्या जाळीवर वही-कागद ठेवायचे नाहीत, कारण हवा आत खेचली जाते ती तिथूनच.

त्यानंतर ग्लोव्हज. सरांनी प्रत्येकाच्या ग्लोव्हजवर अतिनील दिव्याखाली चमकणारी पूड लावली, थोडा वेळ नेहमीसारखं काम करायला लावलं, ग्लोव्हज काढायला सांगितले आणि दिवे मालवले. मनगटं चमकत होती, दाराची मूठ चमकत होती, कुणाचा चष्मा, कुणाच्या कानामागची बट, आणि जवळजवळ सगळ्यांचे मोबाइल. त्या अंधारात कुणी बोललं नाही. आमच्या लॅबमध्ये मोबाइल आता दाराबाहेरच्या खणात राहतो. त्यासाठी नियम लिहून काढावा लागला नाही.

दुपारी सिलिंडर आणि द्रव नायट्रोजन. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या स्फोटात एका तरुण संशोधकाचा जीव गेला, तिघे जखमी झाले. साखळीने न बांधलेला सिलिंडर सरांना सहन होत नाही, ते त्यामुळेच. द्रव नायट्रोजनचं गणितही पक्कं लक्षात ठेवा: एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि खोलीतला ऑक्सिजन तो बाजूला सारतो. म्हणून भरलेला डबा लिफ्टमध्ये एकटा चढवायचा आणि आपण जिन्याने जायचं.

शेवटचा विषय होता कचऱ्याचा. माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगचा गाभा हाच. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रंगांवर चालतात: दूषित प्लास्टिक आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळी खूण असलेल्या खोक्यात, रक्ताचे आणि जंतूंचे नमुने आधी निर्जंतुक करून पिवळीत. सुईला टोपण परत लावायचं नाही. ब्लीच टाकलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचा नाही, क्लोरीन वायू सुटतो. हे सगळं चालू असताना लॅबच्या मावशी दाराशी पिशव्या न्यायला उभ्या होत्या. आम्ही पिशवीला एकदा गाठ मारतो. ती गाठ धरून उचलतात त्या, रोज. आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

मी त्या रात्री नियम मुळातून वाचले. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर येताच आणि नंतर वर्षातून किमान एकदा ट्रेनिंग द्यायचं, शिवाय हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. संशोधन आणि शिक्षण संस्थाही त्या नियमांत येतात. मी ते पान गाईड मॅडमना दाखवलं. त्यांनी लगेच विभागाला पत्र लिहिलं, आणि सर पुन्हा यायला तयार झाले.

ते दुसरं सत्र पूर्ण मराठीत, मावशी आणि कचरा उचलणाऱ्या दादांसाठी झालं. स्लाइड एकही नव्हती, सगळं पिशव्या आणि डबे समोर ठेवून. एक मावशी म्हणाल्या, “त्या पिवळ्या-निळ्या बारीक नळ्या असतात ना, त्या पिशवीतून बाहेर येतात आणि पायाला टोचतात.” म्हणजे पिपेटच्या टिप्स, थेंब मोजून घ्यायच्या उपकरणाची टोकं. आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणाला हे सुचलं नव्हतं, कारण पिशवी जिन्यावरून खाली नेताना ती पायाला घासते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आता प्रत्येक टेबलावर टिप्ससाठी हायपोक्लोराइट (ब्लीच) घातलेला जाड प्लास्टिकचा डबा आहे. टिप्स त्याच डब्यात राहून, झाकण घट्ट लावून पुढे जातात.

लसीचा पहिला डोस मावशींना मिळाला आहे, पुढच्या तारखा विभागाच्या फलकावर आहेत. सफाईचं कंत्राट बदललं की माणसंही बदलतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ट्रेनिंग आणि लस कोण देणार, खर्च कंत्राटदाराचा की विभागाचा, हे अजून ठरलेलं नाही. बायोसेफ्टी कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा असं पत्र आम्ही सगळ्यांनी सह्या करून दिलं आहे.