तुम्ही विचारलंत म्हणून: परक्यांचे पोलरॉइड मी विकत का घेतो

"फोटो तर मोबाइलवर फुकट निघतात, मग कुणा परक्याचे पिवळट पोलरॉइड पैसे मोजून कशाला? आणि ही कला कशी?" माझ्या भिंतीवरच्या चौकटी पाहिल्या की पाहुणे हमखास विचारतात.

पोलरॉइड म्हणजे काढल्याबरोबर कॅमेऱ्यातूनच बाहेर पडणारा फोटो. फिल्मवरच्या साध्या फोटोची निगेटिव्ह असते, तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. पण १९७२ साली आलेल्या पोलरॉइड कंपनीच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये निगेटिव्ह फोटोच्या आतच राहते. खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर पडताना रोलर ती फोडतात, रसायन वरपर्यंत पसरतं आणि डोळ्यांदेखत चित्र उमटतं. माणसावरून परतलेला उजेड ज्या तुकड्यावर पडला, तोच तुकडा आपल्या हातात येतो. मला एवढं कारण पुरतं.

माझा सगळ्यात लाडका पोलरॉइड चोर बाजारातला, मटण स्ट्रीटवरचा. कुणाचं घर रिकामं झालं की अल्बम तिथे येऊन पडतात. गोदरेजच्या कपाटापुढे नऊवारीतल्या आजी उभ्या आहेत. कपाटाच्या आरशात फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्याच्या कडेला फोटो काढणाऱ्याचं नुसतं कोपर. वरच्या कोपऱ्यात रसायन पोचलंच नाही, तिथे चित्र नाही. आजी बघताहेत ते कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. असं बघणं सांगून मिळत नाही. मी त्यासाठी पैसे दिले, आणि पुन्हा देईन.

कलेचं म्हणाल तर वॉकर इव्हान्ससारख्या दिग्गज अमेरिकी छायाचित्रकाराने वयाच्या सत्तरीत हाच एसएक्स-७० कॅमेरा हातात घेतला आणि अडीच हजारांहून जास्त फोटो काढले. लुकास सामारास हा कलाकार तर ताज्या फोटोतला ओला थर बोटांनी, टोकदार वस्तूंनी दाबून स्वतःचा चेहरा विरघळवून टाकायचा. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलाव कंपनीने पोलरॉइड कंपनीच्या संग्रहातल्या कलाकृतींचा लिलाव केला, तेव्हा सुमारे सव्वा कोटी डॉलर आले. त्या बाजारात नावाला भाव असतो. मी नाव बघत नाही. फोटो भिंतीवर लावून रोज बघवेल का, एवढंच बघतो.

घ्यायचाच असेल तर आधी उजेडात तिरका धरून भेगा बघा, मागचा छापील आकडा बघा आणि कडा कापलेल्या असतील तर सोडून द्या. ती पांढरी पट्टी चित्राचाच भाग आहे. आपल्या मुंबईत खरा वैरी पावसाळा. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिला ओल येते. लॅमिनेशन तर चुकूनही नको. आम्लरहित पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, त्याही वेळेवर बदललेल्या. उन्हाने रंग उडतात, म्हणून भिंतीवरचे मी आलटून पालटून लावतो.

आणि घर रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, तर माळ्यावरचे अल्बम रद्दीत देण्याआधी एकदा उघडा. पोलरॉइड निघाला तर मागे लिहिलेलं नाव-गाव पुसू नका. स्कॅन करून नातेवाइकांना जरूर पाठवा, मूळ मात्र जपून ठेवा.