तुम्ही किती नंबरात? इंदूरच्या विधानसभा आणि मराठी नावं

इंदुरात कुणी "तुम्ही किती नंबरात?" असं विचारलं, तर त्याला घर क्रमांक नको असतो, विधानसभा हवी असते. शहराच्या पाच जागांना नावंच नाहीत, एक ते पाच असे आकडे आहेत. निवडणूक आयोगाच्या यादीत त्या २०४ ते २०८. जिल्ह्यात याखेरीज देपालपूर, महू, राऊ आणि अनुसूचित जातींसाठी राखीव सांवेर, म्हणजे एकूण नऊ. महू जिल्ह्याने इंदूरचं, पण लोकसभेला धारमध्ये जातं. त्यामुळे महूकराने इंदूरच्या खासदाराकडे अर्ज नेणं म्हणजे एक फुकट चक्कर.

प्रत्येक नंबराचा स्वभाव वेगळा. चार नंबर १९९० पासून भाजपाकडेच आहे, म्हणून त्याला 'अयोध्या' म्हणतात. १९९३ पासून तिथे लक्ष्मणसिंह गौड आणि त्यांच्यानंतर मालिनी गौड, एकच घर. परदेशीपुऱ्याचा, गिरणी कामगारांचा दोन नंबर २०२३ मध्ये रमेश मेंदोलांना १,०७,०४७ मतांनी मिळाला. तीन नंबर त्या मानाने चंचल. सुमित्राताई महाजन १९८५ ची विधानसभा इथेच हरल्या, आणि १९८९ पासून लोकसभा सलग आठ वेळा जिंकल्या.

सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या. राऊ त्याच फेररचनेतून निघालं आणि २००८ मध्ये तिथे पहिली निवडणूक झाली. शहर मात्र त्यानंतर बाहेरच्या बाजूला फुगत गेलं, म्हणून पाच नंबरात तीनच्या जवळपास दुप्पट मतदार आहेत. विधायक दोन्हीकडे एकेकच.

मराठी घरांची खरी गोची इथूनच सुरू होते. जुन्या वाड्यातून राजेंद्र नगरला गेलेल्या कुटुंबाचं घर राऊ मतदारसंघात, पण मतदार यादीत नाव जुन्याच नंबरात. मत एकाला, गाऱ्हाणं दुसऱ्याकडे. उपाय म्हणजे मतदार यादीचा फॉर्म ८. पत्ता बदल, नावातली दुरुस्ती, हरवलेलं मतदार कार्ड, सगळं त्यातच. कार्डाचा क्रमांक तोच राहतो. पुष्कळ जण चुकून नव्या मतदाराचा फॉर्म ६ भरतात. मग नाव दोन ठिकाणी लागतं, आणि ते कायद्याला चालत नाही. खोटी माहिती देऊन घोषणापत्रावर सही केली तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरं दुखणं लिपीचं. यादी हिंदीत, आणि नावं बरेचदा रोमनवरून उतरलेली. काळे 'काले' होतात, केळकर 'केलकर', आणि थत्त्यांची अक्षरशः 'थट्टे' होते. 'ळ'चा 'ल' झाला म्हणून बूथवर सहसा कुणी अडवत नाही. तिथे फोटो, कार्ड आणि अनुक्रमांक पाहतात. पण ऑनलाइन शोधात 'काळे' टाकून नाव सापडत नाही आणि लोक घाबरून नवा फॉर्म भरतात. नावाने शोधूच नये, कार्डाच्या क्रमांकाने शोधावं. लग्नात नाव बदललेल्या सुनांचं मात्र खरोखर अडतं: आधारवर माहेरचं, यादीत सासरचं. ते वेळीच एक करून घ्यावं, कारण नामांकनाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते.

फॉर्म आधी बीएलओकडे (बूथच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी) किंवा ऑनलाइन, चौकशीला १९५० हा फोन क्रमांक. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही जमलं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्यांकडे.

आणि नळ, कचरा, दिव्यांसाठी विधायकाच्या बंगल्यावर जाऊ नका. ते पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं काम. नगर निगमाचे वॉर्ड ८५ आहेत. त्या निवडणुकीची यादी राज्य निर्वाचन आयोग वेगळी काढतो, तेव्हा विधानसभेच्या यादीत नाव दिसलं तरी वॉर्डाची यादी निराळी तपासावी.