न्हाणीची फरशी बदलली एकदाची

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या न्हाणीतली एक टाईल डुगडुगत होती. पाय ठेवला की खालून पचक करून काळं पाणी वर यायचं. मी दोनदा सांध्यात व्हाईट सिमेंट भरलं आणि गप्प बसलो, बेळगावच्या पावसात भिंतीच ओल्या असतात तिथं फरशीचं काय घेऊन बसायचं. मग पलीकडच्या खोलीतल्या रंगाचे पोपडे पडायला लागले तेव्हा गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी छिन्नीनं टाईल उचलली तर खाली वाळूचा चिखल आणि त्यात तीन गांडुळं!

"फरशीचं काय चुकलं नाही ओ, तुमचा ट्रॅप फुटलाय बघा." ट्रॅप म्हणजे जाळीखालचं, पाणी गटाराकडे नेणारं भांडं. ते फुटल्यानं रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी गटारात न जाता खालीच मुरत होतं, आणि मी वरून सिमेंट भरत बसलेलो.

सगळं उकरलं. ट्रॅप नवा बसवला, विटांच्या तुकड्यांचा कोबा, वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यात सिमेंटच्या गोलसर वाटा मारल्या. मग ट्रॅपमध्ये बोळा कोंबून 48 तास पाणी तुंबवून ठेवलं, पाणी उतरतंय का बघायला भिंतीवर खडूनं रेघ. मी रात्री उठून टॉर्चनं बघून यायचो, बायको हसायची.

दगडावरून घरात वाद झाला. मला पॉलिश ग्रॅनाईट पाहिजे होता, आई म्हणाली घसरून मी पडले तर तूच करणार आहेस काय माझं, खानापूरच्या माझ्या माहेरी शहाबादी फरशीच होती. आईचंच झालं, आणि ओल्या पायाला ती खरंच बरी लागते. शहाबाद तर आपल्याच राज्यातलं, कलबुर्गी जिल्ह्यात.

ट्रॅपकडे ढाळ 4 फुटाला 1 इंच ठरलेला. तांब्याभर पाणी ओतलं तर निम्मं दाराकडे आलं. मामा म्हणे चालतंय, मी म्हटलं नाही चालत, दोन फरश्या परत उचलल्या. दगड जाड, त्यामुळं दार खाली घासायला लागलं ते वेगळंच, सुताराकडून अर्धा इंच कापून घेतलं.

जाताना मामांनी फरशीच्या तुकड्यावर न्हाणी धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाकून दाखवले, चर्र करून फेस आला. चुनखडीचा दगड आहे, ॲसिड खातंय त्याला. आईनं बाटली लगेच माळ्यावर टाकली. कामाच्या मावशींना मात्र अजून पटलेलं नाही, रोज विचारतात, "बाटली कुठं ठेवलीसा ओ?"