इथरनेट ड्रायव्हरमध्ये हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग : माझा अनुभव

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही वीज उपकेंद्रांसाठी मोजमापाची उपकरणं बनवतो. दूरदूरच्या उपकेंद्रांतलं मोजमाप एकाच क्षणी झालं तरच ते एकमेकांशी ताडून बघता येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घड्याळात ३२ मायक्रोसेकंदांचा फरक पडला तरी फेजरच्या (विजेच्या लहरीचा आकार आणि कोन सांगणाऱ्या राशीच्या) मोजणीत जवळजवळ १ टक्का चूक येते. नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत म्हणजे पीटीपी; तिच्या उपकेंद्रांसाठीच्या नियमसंचाला, म्हणजे प्रोफाइलला तर १ मायक्रोसेकंदाच्या आतलीच अचूकता लागते.

पीटीपीचं मानक म्हणजे आयईईई १५८८. आम्ही वापरतो ती २००८ ची आवृत्ती. पॅकेट कधी निघालं आणि कधी पोचलं या वेळांवरून घड्याळातला फरक काढायचा, एवढाच त्याचा गाभा. पण ही वेळ सॉफ्टवेअरने नोंदवली तर पॅकेट रांगेत किती थांबलं, इंटरप्टला (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेला) किती उशीर झाला, हे सगळं तिच्यात मिसळतं. आमच्या बोर्डावरची चिप पॅकेट जाता-येताना स्वतःच वेळ टिपू शकत होती; हेच हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग. लिनक्समधल्या तिच्या ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र त्याचा पत्ता नव्हता. ते काम माझ्याकडे आलं.

सुरुवात घड्याळापासून केली. चिपमधलं घड्याळ १२५ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे दर ठोक्याला ८ नॅनोसेकंद पुढे सरकतं. ते कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) पीटीपी क्लॉक म्हणून नोंदवलं की /dev/ptp0 ही डिव्हाइस फाइल दिसू लागते. वेळ वाचणं, लावणं, पुढेमागे करणं ही फंक्शनं सरळ आहेत. लक्ष घालावं लागतं ते घड्याळाची गती बदलणाऱ्या अ‍ॅडजफाइन फंक्शनमध्ये. त्याला मिळणारा आकडा पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) ६५,५३६ व्या भागात असतो, आणि त्यावरून ८ नॅनोसेकंदांत किती बारीक भर घालायची ते ठरतं. घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल ५० पीपीएमने हलला तर सेकंदाला ५० मायक्रोसेकंद जातात, त्यामुळे इथला गुणाकार ६४ बिटांतच करायचा.

येणाऱ्या पॅकेटांचं काम लवकर उरकलं. चिप डिस्क्रिप्टरमध्ये (प्रत्येक पॅकेटासोबतच्या माहितीच्या नोंदीत) टाइमस्टॅम्पचा फक्त नॅनोसेकंदांचा भाग देते. सेकंद चालू घड्याळातून घ्यायचे. घड्याळातले नॅनोसेकंद टाइमस्टॅम्पपेक्षा कमी दिसले तर मधे सेकंद उलटलाय, म्हणून एक वजा करायचा.

खरी परीक्षा जाणाऱ्या पॅकेटांची, आणि हा विषय हाताळणाऱ्या प्रत्येकाने आपला जास्तीत जास्त वेळ इथेच द्यावा असं मला मनापासून वाटतं. पॅकेट तर निघून जातं, त्याचा टाइमस्टॅम्प नंतर येतो. तोवर एसकेबी (कर्नलमधली त्या पॅकेटाची नोंद) सांभाळून ठेवायचा, टाइमस्टॅम्प प्रलंबित असल्याची खूण त्यावर करायची, आणि इंटरप्ट आला की चिपमधलं रजिस्टर (वेळ साठवलेली जागा) वाचून वेळ ज्याची त्याला पोचवायची. आमच्या चिपमध्ये अशा एकाच टाइमस्टॅम्पला जागा आहे. दुसरं पॅकेट मधेच आलं तर त्याला टाइमस्टॅम्प नाकारायचा आणि पॅकेट तसंच पुढे सोडायचं. चुकीची वेळ देण्यापेक्षा न देणं केव्हाही चांगलं. पीटीपीफोरएल (लिनक्सवर पीटीपी चालवणारा प्रोग्रॅम) चुकीच्या वेळेवर विश्वास ठेवून सगळं घड्याळ ओढत नेतो.

आणि टाइमस्टॅम्प आलाच नाही तर? पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते. बोर्ड यूपीएसवर होता, टेबलावरचा नेटवर्क स्विच नव्हता. नेमकं पॅकेट निघताना लिंक पडली (नेटवर्कची जोडणी तुटली) की इंटरप्ट येत नाही, ती एकुलती एक जागा अडून बसते आणि पुढच्या कुठल्याच पॅकेटला टाइमस्टॅम्प मिळत नाही. पीटीपीफोरएलच्या लॉगमध्ये तेव्हा टाइमस्टॅम्पची वाट पाहून वेळ संपल्याचा संदेश येतो. ही वाट पाहण्याची मुदत वाढवून बघा, पण दोष बहुधा ड्रायव्हरचाच आहे, असंही तो सांगतो. मी मुदतीला हात लावला नाही. ठरावीक वेळेने तपासणारं काम घड्याळाच्या ऑक्झिलरी वर्करवर (कर्नलमध्ये मागे चालणाऱ्या कामकऱ्यावर) टाकलं. अडकलेला एसकेबी ते सोडून देतं, रजिस्टर वाचून मोकळं करतं आणि एथटूलच्या (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणाऱ्या कमांडच्या) आकडेवारीत त्याची नोंद करतं. मग आम्ही मुद्दाम केबल काढून-लावून बघत राहिलो.

टाइमस्टॅम्पिंग चालू-बंद करण्यासाठी ड्रायव्हरला पूर्वी आयॉक्टल (प्रोग्रॅमकडून येणारी सर्वसाधारण नियंत्रण-विनंती) हाताळावा लागे; ६.६ कर्नलपासून त्याला स्वतंत्र एनडीओ फंक्शनं (कर्नल ड्रायव्हरमधली जी बोलावतो ती) आहेत, नव्याने लिहिणाऱ्याने तीच घ्यावीत. ethtool -T मध्ये चिपला जे खरोखर जमतं तेवढंच दाखवलं. कोणत्या पॅकेटांची वेळ टिपायची ते ठरवणारा फिल्टर मागितला एक आणि चिप देते जास्त, तर प्रत्यक्षात लागू झालेलाच परत सांगायचा असतो.

शेवटी दोन बोर्डांच्या सेकंदाला एक येणाऱ्या पल्सी ऑसिलोस्कोपवर लावल्या. कडा थरथरायच्या थांबल्या होत्या, तरी दोघींत एक कायमचं अंतर होतं. चिप वेळ मॅकपाशी (पॅकेट हाताळणाऱ्या भागापाशी) टिपते आणि पुढे पीएचवायमधून (केबलवर सिग्नल पाठवणाऱ्या भागातून) जायला-यायला सारखा वेळ लागत नाही, त्यातून ते आलेलं. पीटीपीफोरएलच्या इंग्रेस आणि एग्रेस लेटन्सीत (येतानाच्या आणि जातानाच्या उशिरात) ते आकडे भरले, आणि कडा एकमेकींवर बसल्या.