मंडळाचा किल्ला

बेळगावात दिवाळीची सुट्टी लागली की गल्लोगल्ली तांबड्या मातीचे ढीग पडतात. फराळ, आकाशकंदील सगळं असायचंच, पण आम्हा मंडळाच्या पोरांना वेध लागायचे किल्ल्याचे. आधी दगड-विटा रचायच्या, वर जुनी पोती अंथरायची आणि मग मातीचा काला हातानं फासायचा. काला दाट झाला तर वाळताना भेगा पडतात, पातळ झाला तर ओघळतो. उतारावर मोहरी आणि आळीव पेरायचं. भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळी गल्ली जमायची. एखादं पोर हातात छडी घेऊन घडाघडा माहिती सांगायचं आणि त्याची आजी पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवायची.

मंडळातल्या एका काकांचा दंडक होता, मनाचा किल्ला करायचा नाही. "बुरूज गोल की चौकोनी? आधी बघून या जावा, मग मातीला हात लावा." पन्हाळा करायचा ठरला तेव्हा त्यांनी सगळ्यांना पन्हाळ्यावर नेलं. अंबरखान्याची कोठारं, तीन दरवाजा, अंधारबाव, एकेक ठिकाणी थांबून वहीत चित्रं काढायला लावली. ते बघणं मला अजून पुरलंय.

पुढं मंडळात आणखी एक मेळावा सुरू झाला, १८ एप्रिलचा. जागतिक वारसा दिनाची कल्पना इकोमॉस या स्मारकं जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८२ साली मांडली आणि १९८३ मध्ये युनेस्कोनं ती मान्य केली. त्या दिवशी आमचे एक सर पोरांना बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत न्यायचे. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ च्या सुमाराचं हे जैन मंदिर. मान वर करून छताचं दगडी कमळ बघताना चुळबुळणारी पोरंही गप्प व्हायची.

मग झाडाखाली बसून सर हंपीची गोष्ट सांगायचे. हंपी १९८६ साली जागतिक वारसा झाली. पुढं आनेगुंदीजवळ तुंगभद्रेवर पुलाचं काम निघालं आणि १९९९ मध्ये हंपीचं नाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं. ते २००६ मध्ये निघालं. यादीत नाव आलं म्हणून राखण संपत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर साफसफाईला गेलो की सरांचं बारीक लक्ष असायचं. प्लास्टिक उचला, पण सुटलेला चिरा हलवू नका. तटातला पिंपळ हिसकून काढू नका, मुळांबरोबर दगड येतात. चुन्याच्या बांधकामात सिमेंट कोंबलं की आतली ओल कोंडते आणि दगड झिजतो. उत्साहानं केलेली डागडुजी कितीदा पडझडीपेक्षा वाईट ठरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हौशी मंडळांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आमचा राजहंसगड त्यात नाही, पण त्याची माया काही कमी होत नाही. मंडळाच्या पोरांना आता जिंजी करायचाय. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट गल्लीच्या कोपऱ्यात मावायचा कसा, यावर त्यांचं घनघोर भांडण चाललंय. नकाशा काढायचं काम मी मागून घेतलंय.