विष लिंबाच्या पानात होतं

सापडलं एकदाचं! दोन महिने, अंड्यांच्या ३ तुकड्या आणि १९ मेलेल्या अळ्यांनंतर.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की नर्सरीतून आणलेल्या नव्या लिंबावरच्या लाइम फुलपाखराच्या अळ्या तिसऱ्या इन्स्टारच्या (दोन वेळा कात टाकण्यामधला वाढीचा टप्पा) पुढे जात नाहीयेत, आणि हा बहुतेक पावसाळी दमटपणातला रोग असावा. ते निदान चुकलं. लक्षणं माझ्या डोळ्यांसमोर होती, मीच ती नीट वाचली नव्हती. विषाणू असता तर अळी काळी पडून आतून वितळली असती आणि फांदीवर पिशवीसारखी उलटी लोंबली असती. परजीवी गांधीलमाशी असती तर अंगावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसले असते. माझ्या अळ्या खाणं सोडत होत्या, अंगाला झटके देत होत्या, तोंडातून हिरवं पाणी येत होतं आणि पाय सुटून त्या डब्याच्या तळाशी पडत होत्या. तरीही मी डबे ब्लीचच्या पाण्याने धुतले, गच्चीत दोन दिवस उन्हात वाळवले आणि दुसरी तुकडी त्याच लिंबाच्या पानांवर ठेवली. ७ अळ्या होत्या. सातही गेल्या.

त्या रात्री ऐरोलीच्या मैत्रिणीला फोन केला. येऊरच्या पायवाटेवर ओळख झालेली, तिच्याबद्दल आधी लिहिलंय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मादी आली की अर्धी अंडी मला दे. एकाच आईची अर्धी पोरं ठाण्यात, अर्धी ऐरोलीत. मग बघू काय होतं ते."

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी मादी आली. घोडबंदर रोडच्या आवाजात चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ती कशी पोहोचते याचं मला अजून अप्रूप आहे. लिंबाच्या कोवळ्या पानावर पुढच्या पायांनी टकटक करून ती चव बघत होती. आपलंच झाड आहे अशी खात्री पटली की पोट वाकवून एक अंडं, मग पुढचं पान. १४ अंडी. फिकट पिवळी, मोहरीहून लहान. पानाच्या तुकड्यासकट ७ अंडी कापून छोट्या डबीत ठेवली आणि संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला पोचवली.

आठवड्याभरात फरक दिसला. तिच्याकडच्या सातही अळ्या कडीपत्त्यावर झपाट्याने खात होत्या, पक्ष्याच्या विष्ठेसारखं रूप घेऊन ऐटीत बसल्या होत्या. माझ्याकडच्या ५ मेल्या. उरलेल्या दोघींना मी घाबरून आमच्या जुन्या कडीपत्त्यावर हलवलं. एक गेली, एक जगली.

पण घराची हवा, डबा, डासांसाठी सोसायटीत होणारी धुरफवारणी यांच्यावरचा संशय अजून मिटत नव्हता. म्हणून मैत्रिणीकडच्या ३ अळ्या तिच्या कडीपत्त्याच्या फांदीसकट ठाण्याला आणल्या. फांदी छोट्या बाटलीत, तोंडाशी कापूस (तो विसरू नका, अळ्या देठावरून उतरून पाण्यात बुडतात), आणि ते सगळं स्टीलच्या उभ्या डब्यात. दिघ्याच्या आसपास शेजारच्या ताईंनी विचारलं, डब्यात काय आहे. मी झाकण उघडलं. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि पाचव्या इन्स्टारच्या हिरव्या अळीने डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढलं, तो उग्र आंबट वास सुटला. मला वाटलं ताई ओरडतील. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, घाबरली ती. झाक, झाक." ठाणे येईपर्यंत अर्ध्या बाकाने तिला बघून घेतलं होतं.

त्या तिघी माझ्या बाल्कनीत, माझ्याच डब्यात, माझ्याच हवेत मजेत खात राहिल्या. मग संशयित एकच उरला.

शेवटची खात्री करायला एका अळीला पुन्हा नव्या लिंबाचं पान द्यायचं मी ठरवलं होतं. मैत्रिणीने साफ नकार दिला. "तुला कळलंय ना आता? मग खात्रीसाठी तिचा जीव कशाला घ्यायचा? नर्सरीत जाऊन विचार." मी थोडी चिडले, कारण पुराव्याशिवाय मला चैन पडत नाही. पण ती बरोबर होती. नर्सरीवाल्याने काहीच लपवलं नाही: मावा आणि नागअळीसाठी सगळ्या लिंबांच्या कुंड्यांत दाणेदार औषध टाकतो, ग्राहकाला चकचकीत पान लागतं. आंतरप्रवाही औषध. मुळं ते ओढून घेतात, रस पानापानात पोचतो. म्हणून मी पानं कितीही धुतली तरी उपयोग नव्हता, आणि म्हणूनच घरी आल्यावर फुटलेली पालवीही विषारी होती.

हे कळल्यावर दोन दिवस मी बाल्कनीत बसू शकले नाही. त्या मादीने पायांनी चव घेऊन विश्वास ठेवला होता. लिंबू ओळखायला ती चुकली नव्हती. झाड मी आणलं होतं, तिला यावंसं वाटेल अशा जागी मी ठेवलं होतं.

पुढचं. आधी ठरवलं होतं की ब्लू मॉरमनसाठी एखाद्या मोठ्या नर्सरीतून पपनसाचं कलम आणायचं. २०१५ पासून राज्याचं फुलपाखरू असलेल्या त्या निळ्या राणीची मी तीन वर्षं वाट बघतेय. हे लिहिता लिहिता तो बेत रद्द केला. मैत्रिणीने गणपतीच्या फळांतल्या पपनसाच्या बिया लगेच कुंडीत लावल्या होत्या (लिंबूवर्गीय बी वाळवून ठेवू नये, ताजंच लावावं), त्यातली ४ रोपं ती मला देणार आहे. बोटभर उंच आहेत, वेळ लागेल, लागू दे. यापुढे बाल्कनीत येणारं प्रत्येक खाद्यझाड बियांपासून किंवा ओळखीच्या घरातून. आणि येऊरमधून माकडलिंबाचं (लिंबाच्या कुळातलं जंगली झाड) रोप उपटून आणायचा सल्ला मला कृपया कोणी देऊ नका. ते जंगलातल्यांचं जेवण आहे.

डब्यांबद्दलही मत बदलतंय. मैत्रीण अळ्या उघड्यावर, झाडावरच ठेवते. शिंजीर काही नेतो, गांधीलमाशी काही नेते, ती हिशेब ठेवत नाही. मी आजवर याला निष्काळजीपणा म्हणत आले. पण मी डब्यात जपलेल्या मेल्या आणि तिच्या वाऱ्यात वाढल्या. सध्या निम्म्या झाडावर, निम्म्या अन्नावर झाकायच्या घडीच्या जाळीखाली. ऑनलाइन मागवलेला चेनवाला पिंजरा महिन्यात शिवणीत उसवला. ही जाळी स्वस्त आणि टिकाऊ आहे.

वाचलेली ती एक अळी ९ दिवस कोषात होती. काल कोष गडद झाला, आतली पिवळी नक्षी दिसायला लागली. आज सकाळी सातच्या आधी फुलपाखरू बाहेर. मैत्रीण व्हिडिओ कॉलवर होती, पंख पूर्ण पसरेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

विषारी लिंबाची माती बदलली, मुळं धुतली आणि आता त्यावर जुनी मच्छरदाणी टाकून ठेवलीय, कोणी अंडी घालू नये म्हणून. किती महिने ठेवावी लागेल, बघू. मघाशी पाणी घालायला गेले तर मच्छरदाणीवरच, बाहेरच्या बाजूने, एक फिकट पिवळं अंडं. आत पान असल्याचा वास आला असणार तिला. जाळीचा तेवढा चौकोन कात्रीने कापला आणि टाचणीने कडीपत्त्याच्या पानाला लावलाय. ऐरोलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलंय: "डब्यात घालू नकोस गं."