आमची वाटचाल : शिरोलीचं मशीनशॉप आणि दोन मंद्या

आमचा धंदा कास्टिंगच्या मशीनिंगचा. फाउंड्रीतून कच्चं कास्टिंग येतं, त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून ट्रकचे हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) आणि ब्रेक ड्रम तयार होतात आणि पुण्याकडे जातात. आबांनी, म्हणजे वडिलांनी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर सुरुवात केली. तेव्हा कामं यायची ती ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांची. पुढे शिरोली एमआयडीसीत जागा झाली, मी इंजिनिअरिंग करून आलो, आणि 2006-07 च्या तेजीत आम्ही टर्म लोन, म्हणजे हप्त्यानं फेडायचं कर्ज, काढून सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन्स बसवली. ट्रकवाले मागतील तेवढा माल कमीच पडत होता.

मशीन्स कधी आली आणि कुठलं सर्टिफिकेट कधी मिळालं, ते इथं लांबवत नाही. मला लिहायचंय ते निराळं आहे. 2008 आणि 2020 या दोन संकटांत सरकारनं आणि रिझर्व्ह बँकेनं बरंच काही केलं. त्यातलं आमच्या शेडपर्यंत काय पोचलं, कुठल्या वाटेनं पोचलं आणि काय मध्येच अडलं, हे एका लहान कारखानदाराच्या हिशेबातून कुठंतरी नोंदलेलं असावं असं मला फार दिवस वाटतंय.

लेहमन ब्रदर्स 15 सप्टेंबर 2008 ला बुडाली, तेव्हा शिरोलीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दसरा-दिवाळीचं शेड्यूल, म्हणजे गिऱ्हाईक कारखान्यानं मागितलेल्या मालाचं वेळापत्रक, हातात होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मात्र ते शेड्यूल आठवड्याला खाली यायला लागलं आणि नोव्हेंबरात पुण्याकडच्या ट्रक कारखान्यांत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादनच बंद ठेवणं, सुरू झालं. अमेरिकेतली बँक बुडाली तर कोल्हापुरात हब का पडून राहावेत? उत्तर ट्रकच्या कर्जात होतं. आपल्याकडे ट्रक रोखीनं क्वचितच कुणी घेतो. तो घेतला जातो फायनान्स कंपनीच्या कर्जावर, आणि त्या कंपन्यांना पैसा यायचा बँकांकडून आणि म्युच्युअल फंडांकडून. फंडांतून गुंतवणूकदार पैसे काढायला लागले, बँका हात आखडून बसल्या आणि फायनान्स कंपन्यांचं कर्जवाटप थंडावलं. ट्रकला गिऱ्हाईक होतं, पण त्याला कर्ज मिळत नव्हतं.

आमच्यावर त्याचा पहिला घाव बसला तो ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे डीपीवर. कॅश क्रेडिट म्हणजे सीसी ज्यांनी कधी वापरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बँक लिमिट मंजूर करते, पण दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. माल आणि येणी यांची बेरीज, त्यातून आपली देणी वजा, वर मार्जिन वजा, उरेल तेवढेच पैसे उचलता येतात, तीच डीपी. आणि 90 दिवसांपुढची येणी त्यात धरत नाहीत. आता मंदीत होतं काय, तर गिऱ्हाईक कारखाना पेमेंट लांबवतो. कालपर्यंत 60 दिवसांत येणारं बिल शंभरी ओलांडतं. ज्या दिवशी ते 90 च्या पुढं गेलं, त्या दिवशी बँकेच्या लेखी ते बिल नाहीसंच होतं. म्हणजे पैशाची गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच डीपी आटते. डिसेंबरात आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला तयार हबची रास लागली होती. मुलं त्यांना गंजरोधक तेल लावून प्लास्टिकमध्ये बांधत होती, आणि आमचे हेडमिस्त्री रोज संध्याकाळी एकच विचारायचे, "मालक, उद्या पोरांना बोलवायचं का नको?"

रिझर्व्ह बँक तोवर कामाला लागली होती. डी. सुब्बाराव सप्टेंबरातच गव्हर्नर झाले होते. ऑक्टोबर ते जानेवारीत सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा ठेवींचा हिस्सा, 9 टक्क्यांवरून 5 वर आणला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, 9 वरून टप्प्याटप्प्यानं एप्रिल 2009 पर्यंत 4.75 वर आला. म्युच्युअल फंड आणि फायनान्स कंपन्यांसाठी बँकांना वेगळी रोकड दिली गेली. वर्तमानपत्रात रोज 'कर्ज स्वस्त' असा मथळा यायचा. प्रत्यक्षात आमच्या सीसीचा दर त्या सगळ्या काळात दीडेक टक्का उतरला. कारण आमचं कर्ज रेपोशी बांधलेलंच नव्हतं. ते होतं बँकेच्या पीएलआरशी, म्हणजे तिच्या स्वतःच्या मूळ व्याजदराशी, आणि पीएलआर कधी उतरवायचा ते बँक ठरवायची. ठेवी आम्ही जुन्या चढ्या दरानं घेतल्यात, असं मॅनेजरसाहेब सांगायचे, आणि त्यांच्या बाजूनं ते खरंही होतं. पण रेपोत सव्वाचार टक्के उतरले आणि शिरोलीत दीड पोचला, हा फरक मी विसरलो नाही.

सरकारचं पहिलं पॅकेज 7 डिसेंबर 2008 ला आलं. एक्साइजच्या, म्हणजे उत्पादन शुल्काच्या, दरात सरसकट 4 टक्क्यांची कपात. फोन सुरू झाले, "आता तुमचं बरं झालं." एक्साइज आम्ही भरायचो आणि पुढचा कारखाना त्याचं क्रेडिट घ्यायचा, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या एक्साइजमधून वजा करायचा. त्यामुळे 14 चे 10 झाले तरी आमच्या पदरात थेट काही पडत नव्हतं. त्या कपातीनं ट्रक स्वस्त झाला आणि तो विकला गेला, तरच आमचं चाक फिरणार होतं.

आणि ते फिरलं, दुसऱ्या पॅकेजनं. 2 जानेवारी 2009 ला सरकारनं जाहीर केलं की 1 जानेवारी ते 31 मार्चच्या दरम्यान जो व्यापारी वाहन घेईल त्याला त्यावर 50 टक्के घसारा (झिजेपोटी आयकरात मिळणारी वजावट) मिळेल. भाड्यानं चालणाऱ्या ट्रकला एरवी 30 टक्के मिळायचा. ट्रान्सपोर्टवाल्याला हे गणित दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागत नाही. मार्चअखेर ट्रक घेतला तर त्याच वर्षीच्या करात वजावट. ज्याला पुढच्या वर्षी घ्यायचा होता त्यानं तो याच वर्षी बुक केला. पुढं ती मुदत सप्टेंबर 2009 अखेरपर्यंत वाढवली गेली. त्याच पॅकेजमध्ये शहरांना जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून बस घ्यायला मदत होती. बसलाही हब लागतात, ब्रेक ड्रम लागतात. फेब्रुवारीत आमचं शेड्यूल पहिल्यांदा वर गेलं. मागच्या भिंतीची रास मार्चमध्ये हलली. सगळ्या पॅकेजमधली ही कलमं मथळ्यात कुठंही नव्हती, पण आमच्यापुरतं सांगायचं तर शेड त्यांनीच चालू ठेवली.

दुसरी गोष्ट पोचली ती वेळ. 1 सप्टेंबर 2008 ला जे खातं नियमित होतं, त्याचे हप्ते नव्यानं बांधून दिले तरी ते एनपीए, म्हणजे थकीत खातं, धरू नये, अशी मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली. आमच्या टर्म लोनचे हप्ते पुढं सरकले. व्याज काही सुटलं नाही, सुटावं अशी अपेक्षाही नव्हती. पण त्या मुदतीमुळे आम्ही एकाही कामगाराला घरी पाठवलं नाही. पाळ्या कमी केल्या, ओव्हरटाइम बंद केला, पगार उशिरा दिले, एवढ्यावर भागलं. सीएनसीवर हात बसलेला माणूस एकदा गेला की पुन्हा उभा करायला वर्ष लागतं, हे ज्याचं शेड आहे त्यालाच कळतं.

वाटेत अडलेलंही सांगायला हवं. विनातारण कर्जाच्या हमी योजनेची मर्यादा त्या वेळी 50 लाखांवरून 1 कोटी केली गेली. म्हणजे कारखानदार बुडाला तर बँकेच्या नुकसानीचा मोठा भाग हमी ट्रस्ट सोसणार. कागदावर ही योजना मला आजही सगळ्यात चांगली वाटते. आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा आमच्या बँकेत विचारलं गेलं, "घराचे कागद आणलेत का?" आबांनी बांधलेलं घर तारण गेलं आणि मग कर्ज मिळालं. आमच्या शेजारच्या शेडमध्येही हेच झालं. दिल्लीत योजना मंजूर झाली तरी शाखेतला अधिकारी स्वतःच्या सहीची जबाबदारी घ्यायला धजत नव्हता, आणि त्या भीतीवर कुठल्याच पॅकेजमध्ये तरतूद नव्हती.

मदत परत घ्यायचीही वेळ असते, तीही आम्ही पाहिली. एक्साइज मधल्या काळात आणखी उतरून 8 वर आली होती, ती 2010 च्या अर्थसंकल्पात पुन्हा 10 वर गेली. मार्च 2010 ते ऑक्टोबर 2011 या काळात रेपो 13 वेळा वाढून 8.5 वर पोचला. महागाई होती, वाढवणं भाग होतं, हे मान्य. पण उतरताना दीड टक्का पोचवणाऱ्या बँकेनं चढताना एकही वाढ चुकवली नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो. नोटबंदी, जीएसटी सोसलं. जुलै 2018 मध्ये ट्रकच्या एक्सलचा वजनभार वाढवला गेला. त्याच ट्रकवर जास्त माल जायला लागला, त्यामुळे नव्या ट्रकची गरज घटली आणि 2019 मध्ये ट्रकबाजार पुन्हा बसला. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला, ते वेगळंच. सप्टेंबरात सरकारनं कंपन्यांचा आयकर 22 टक्क्यांवर आणला. आम्ही भागीदारी फर्म. आम्हाला 30 टक्केच राहिला. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावमध्ये भागीदारी आणि एकल मालकीच्या किती शेड आहेत ते पाहिलं, म्हणजे ती सवलत कुणाला दिसली आणि कुणाला नाही ते कळतं.

मार्च 2020 चं संकट निराळं होतं. तेव्हा पैसा थिजला नव्हता, सरकारनंच शटर खाली ओढायला लावलं होतं. फाउंड्रीतले परप्रांतीय कामगार गावाकडे गेले, कास्टिंगच येईना. 27 मार्चला रेपो 4.40 झाला, 22 मे रोजी 4. आणि या वेळी तो आमच्यापर्यंत आला! ऑक्टोबर 2019 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडणं बँकांवर बंधनकारक झालं होतं, आणि आम्ही सीसीचं नूतनीकरण करताना आग्रहानं ते करून घेतलं होतं. तिमाही बदलली आणि कुणाला न विचारता दर उतरला. दहा वर्षांत धोरणातली मला दिसलेली सर्वात मोठी सुधारणा ही आहे. तिच्यावर कुणी भाषण केलं नाही.

मे महिन्यात निर्मला सीतारामन यांनी 3 लाख कोटींची हमी योजना जाहीर केली. 29 फेब्रुवारी 2020 ला असलेल्या कर्जबाकीच्या 20 टक्के नवं कर्ज, शंभर टक्के सरकारी हमी, नवं तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही, बँकांसाठी व्याजाला 9.25 टक्क्यांची मर्यादा. या वेळी घराचे कागद कुणी मागितले नाहीत. 2008 मधली ती सहीची भीती पूर्ण हमीनं काढून टाकली. आम्ही त्यातून आधी पगार आणि कास्टिंगवाल्यांची बाकी भागवली.

पण माप जुन्या बाकीचं होतं, हे मला आजही खटकतं. आम्हाला लाकडी पॅकिंगच्या पेट्या करून देणारे एक काका आहेत. त्यांनी आयुष्यात बँकेचं कर्ज काढलं नाही. शून्याच्या 20 टक्के शून्य. त्यांना आम्ही पुढच्या मालाची रक्कम आगाऊ दिली, तेवढं आमच्या हातात होतं. सुदैवानं 2020-21 मध्ये ट्रॅक्टरची विक्री विक्रमी झाली, आम्हाला ट्रॅक्टरच्या हबचं काम मिळालं आणि त्यांच्या पेट्याही लागल्या.

या सगळ्यानंतर माझं मत एकच बनलंय. लहान कारखान्याला वाचवायला सरकारनं जेवढं कर्ज द्यावं त्यापेक्षा त्याचंच अडकलेलं बिल सोडवून द्यावं. 2006 चा एमएसएमई कायदा 45 दिवस म्हणतो, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज म्हणतो. ते व्याज मागणारा पुरवठादार मला शिरोलीत भेटलेला नाही, कारण मागितलं तर पुढचं शेड्यूल जातं. आयकराच्या 43बी(एच) कलमानं हे थोडं बदललं. 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर त्या वर्षी त्याची खर्च म्हणून वजावट मिळत नाही. आता तक्रार आम्हाला करावी लागत नाही, गिऱ्हाइकाचा ऑडिटरच विचारतो. त्या मार्चमध्ये एका परचेस खात्यातून आमच्या उद्यम प्रमाणपत्रासाठी (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला) फोन आला आणि थकलेली बिलं महिनाअखेर जमा झाली. दुसऱ्या एकानं मात्र, ज्याला हे कलम लागू नाही अशा मध्यम उद्योगाकडून माल घेण्याची भाषा केली. कायद्यातली ही फट बुजवायला हवी, आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मी ते मांडलंय.

आम्हीही जॉबवर्कवाल्यांना आणि टूल ग्राइंडिंगवाल्यांना 30 दिवसांत पैसे देतो. आता माझी मुलगी हिशेब आणि बँक पाहते. ट्रॅक्टरच्या कामासाठी एक नवं व्हीएमसी (उभं सीएनसी मशीन) घ्यायचं चाललंय. तीन बँकांची मंजुरीपत्रं आली आहेत. तिनं हप्त्याच्या आधी दर कशाशी जोडलाय ते पान उघडलं आणि ज्यात रेपो लिहिलेलं नव्हतं ते पत्र बाजूला ठेवलं.